घरचीच भिरंडं, त्याला कसले पैसे?

गोव्यातल्या बायकांना उद्योजक बनवायचं आहे, असं भाषण व्यासपीठावरून सुरू झालं की मला म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आठवतो. तिथे ओळीनं बसलेल्या बाया बघा कधीतरी. पुढ्यात मिरच्या, सोलं (म्हंजे आमसुलं), कांद्याच्या माळा, गावठी केळी, लोणच्याच्या बरण्या. यातल्या जुन्या बायांपैकी कित्येकींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण समोरचं गिऱ्हाईक टुरिस्ट आहे, पणजीचा सरकारी बाबू आहे की आमच्यासारखी घासाघीस करणारी बाई आहे हे त्यांना लांबूनच कळतं आणि भाव त्याप्रमाणे निघतो, आणि आपण मोबाईलवर कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत तीन वस्तूंची बेरीज होऊन सुटे पैसे हातावर आलेले असतात. मासे विकणाऱ्या बायांचं तर विचारूच नका. पहाटे जेटीवर बोली लावायची, बर्फाचं बघायचं, रिक्षावाल्याशी भांडायचं, उधारी लक्षात ठेवायची, उरलेला माल दुपारनंतर भाव पाडून काढायचा, सगळं एका डोक्यात.

माझी आजी त्यातलीच. फोंड्याच्या बाजारात कुळागरातली, म्हंजे सुपारी-मसाल्याच्या बागेतली, केळी, मिरी, खाऊची पानं विकायची. सही येत नव्हती, अंगठा लावायची. उधारीचा हिशेब स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी, आणि घर सारवताना तेवढा कोपरा सोडून सारवायचं अशी सगळ्यांना ताकीद.

माझी आई शाळेत गेली. १९६१ ला गोवा मुक्त झाला, १९६३ च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, आणि मग गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. कुठे देवळाच्या अग्रशाळेत (धर्मशाळेत), कुठे कुणाच्या पडवीत वर्ग भरायचे. आमच्या आयांची आख्खी पिढी त्यातून वाचायला लिहायला शिकली. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या बायकांची साक्षरता ८४ टक्क्यांच्या वर आहे, देशाची तेव्हा ६५ च्या आसपास होती. ही काय लहान गोष्ट नाही.

मी बी.कॉम. झाले. आज फोंड्यात दोन-तीन दुकानांचे हिशेब बघते, आणि त्यातूनच ओळखी होत होत वाड्यावरच्या बचतगटातल्या बायकांचे फॉर्म भरून देणं, प्रोजेक्ट रिपोर्ट टाइप करून देणं हे काम अंगावर आलंय. तर आजी निरक्षर, आई सातवी, मी ग्रॅज्युएट. आणि तिघींत स्वतःचा धंदा कुणी केला? आजीनं.

हे मला बरीच वर्षं खटकत होतं. जितकं शिक्षण जास्त तितकी बाई जास्त स्वतंत्र, असं आपण धरून चालतो ना. पण आमच्याकडे शिकलेल्या मुलीला पहिला प्रश्न काय विचारतात? सरकारी कुठे लागली का. गोव्यात सरकारी नोकरीचं जे वेड आहे ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही, क्लार्कच्या पाच जागा निघाल्या तरी पदवीवाल्यांची रांग लागते, आणि मुलगी चार-पाच वर्षं परीक्षा देत घरात बसली तरी चालते पण तिनं घरी मसाले करून विकायला काढले की मावश्या-काक्या सुरू होतात, "एवढी शिकलीस ती लोणची विकायला?" आजीला हे कुणी म्हणालं नाही, कारण आजीकडून कुणाची काही अपेक्षाच नव्हती. शाळा-कॉलेजात आम्हाला बॅलन्स शीट जुळवायला शिकवलं, ती नेहमी दुसऱ्याच्या कंपनीची असायची. अमुक अँड सन्स. डॉटर्स कधी आल्याच नाहीत त्या गणितात, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

आता म्हणून शाळा वाईट असं मी म्हणत नाहीये हां, उलट. आजीचा धंदा एका टोपलीच्या वर कधी गेला नाही त्याचं कारणही तिची न झालेली शाळाच. टोपलीच्या पुढचं सगळं कागदावर चालतं. सोलं पाकिटात घालून दुकानात ठेवायची तर एफएसएसएआयचं, म्हंजे केंद्राच्या अन्नसुरक्षावाल्यांचं, रजिस्ट्रेशन हवं, छोट्या उलाढालीला ते साधं आणि स्वस्त आहे, पण ते ऑनलाइन आहे. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हंजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट आहे, तेही ऑनलाइन. लेबलवर मालाचं नाव, घटक, वजन, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत खायचं, बॅच नंबर, करणाऱ्याचा पत्ता आणि हिरवा ठिपका, एवढं सगळं लागतं. पीएमईजीपी नावाची जी केंद्राची कर्जयोजना आहे त्यात ग्रामीण भागातल्या बाईला प्रकल्पाच्या ३५ टक्के सबसिडी मिळते, शहरात २५, स्वतःचे फक्त ५ टक्के घालायचे. पण उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या वर असेल, सेवेचा ५ लाखांच्या वर, तर आठवी पास पाहिजे. म्हंजे माझी आई एका इयत्तेनं बाहेर!

साताऱ्याकडच्या म्हसवडची माणदेशी महिला बँक पुष्कळांना माहीत असेल. चेतना सिन्हांनी तिथल्या बायकांना घेऊन रिझर्व्ह बँकेकडे लायसन्स मागितलं तेव्हा पहिला अर्ज फेटाळला गेला, कारण अर्जदार बायांना लिहिता वाचता येत नव्हतं. त्या घरी येऊन लिहायला शिकल्या आणि काही महिन्यांनी परत गेल्या, आणि तिथल्या साहेबांना म्हणाल्या की आम्हाला वाचता येत नव्हतं पण मोजता येतं, सांगा किती मुद्दलावर किती व्याज काढू, आणि तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. हा किस्सा मी बचतगटात पुष्कळदा सांगते, दर वेळी कुणीतरी टाळी वाजवतंच.

तर मुद्दा ट्रेनिंगचा.

आमच्या पंचायत हॉलमध्ये वरचेवर ट्रेनिंगं होतात. पापड, लोणची, जॅम, ज्यूट बॅग, केक, मेणबत्त्या. उद्घाटनाला समई, शेवटी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो, फोटोत पुढच्या रांगेत ज्यांनी काही शिकवलं नाही ती मंडळी. आणि मला कळत नाही की लोणचं घालायला बायकांना शिकवायची कुणाला इतकी हौस असते. आमच्या वाड्यावरची साठीची वहिनी मिस्किट आणि चेपणी तोर (कैरीचं लोणचं आणि मिठातल्या कैऱ्या) असं घालते की दोन वर्षं बरणीला काही होत नाही, तिला कुठलीतरी पंचवीस वर्षांची मुलगी प्रोजेक्टरवर दाखवते, मीठ किती टक्के. (टक्का बरोबर होता, वहिनीनंच मान हलवून सांगितलं.)

अशाच एका ट्रेनिंगमध्ये मी हिशेबाचा तास घ्यायला गेले होते. भिरंडाचे, म्हंजे कोकमाचे, पदार्थ असा विषय. मी सगळ्यांना कागद दिले आणि म्हटलं, शंभर ग्रॅम सोलाचं एक पाकीट तुम्हाला कितीला पडतं ते लिहा. सगळ्या खाली मान घालून लिहायला लागल्या. माझ्या शेजारीच बसलेली एक जण, मी तिला माई म्हणते, तिनं पाकिटाचे लिहिले, स्टिकरचे लिहिले, मिठाचे लिहिले, आणि पेन ठेवलं. मी विचारलं भिरंडं? तर म्हणाली, "घरचीच भिरंडं, त्याला कसले पैसे?"

आणि मजुरी? ती हसलीच.

ज्यांनी सोलं केली नाहीत त्यांच्यासाठी सांगते, काय काम असतं ते. एप्रिल-मे महिन्यात झाडाखालची पिकलेली फळं रोज वेचायची, कारण एक दिवस चुकला की मुंग्या लागतात. धुवायची, चिरायची, गर आणि बिया वेगळ्या. गरात मीठ घालून रस सुटू द्यायचा. साली उन्हात घालायच्या, मग त्या रसात बुडवायच्या, परत उन्हात, परत रसात, असं पाच-सहा वेळा तरी, साल काळी आणि मऊ होईपर्यंत. दुपारी आभाळ आलं की जेवण ताटात टाकून धावायचं. हात जांभळे होतात ते आठवडाभर जात नाहीत. बियाही फुकट घालवायच्या नाहीत, त्या सुकवून, कुटून, उकळून भिरंडेल काढायचं, थंडीत टाचांना लागतं. हे सगळं करणारी बाई कागदावर लिहिते, मजुरी शून्य.

तिथं बसलेल्या सगळ्यांनीच शून्य लिहिलं होतं. पदवीवाल्या दोघी होत्या, त्यांनी सुद्धा. मग आम्ही फळ्यावर मांडलं. तुझ्या झाडाची भिरंडं तू शेजारणीला विकली असतीस तर काय आलं असतं? ते लिही. दुसऱ्याच्या कुळागरात दिवसभर काम करायला बाई बोलावली तर तिला किती देतेस? तो आकडा तासांवर भाग, तो लिही. गॅस, वीज, बाजारात जायचं बसभाडं, उन्हाळी पावसानं वाया गेलेला माल. उत्तर आलं तेव्हा हॉलमध्ये एकदम गडबड. माई आत्तापर्यंत ज्या भावानं दुकानाला पाकीट देत होती त्यात पाकीट, स्टिकर, मीठ, बसभाडं निघत होतं, आणि तिचं स्वतःचं आख्खं मे महिन्याचं काम त्या दुकानदाराला भेट. "बाये, म्हंजे आतां भाव वाडोवपाक जाय," माई म्हणाली, भाव वाढवायला हवा. आणि लगेच पुढचं, "पूण तो घेवचो ना तर?" दुकानदारानं घेतलंच नाही तर?

हा पुढचा प्रश्न कुठल्याच पुस्तकात नाही आणि मलाही त्याचं उत्तर हिशेबात देता येईना. ते दिलं डिचोलीकडच्या एका मसालेवालीनं. तिला आयोजकांनी तासभरासाठी अनुभव सांगायला बोलावलं होतं, ती दहावीपर्यंत शिकलेली, माईक घ्यायला तयार नाही. ती म्हणाली, मी पहिल्यांदा भाव वाढवला तेव्हा दोन दुकानदारांनी माल बंद केला. महिनाभर झोप नाही. मग जत्रेत स्टॉल लावला तर तोच मसाला वाढीव भावात दुपारपर्यंत संपला, तेव्हा कळलं की महाग कुणाला वाटतंय, खाणाऱ्याला का विकणाऱ्याला. एवढंच बोलली. मग सगळ्या तिच्याभोवती, स्टॉलचं भाडं किती, पॅकिंग कुठून आणतेस, नवरा काय म्हणाला. चहा गार झाला तरी कुणी उठेना.

तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचते. आफ्रिकेतल्या टोगो देशात दीडेक हजार छोट्या धंदेवाल्यांवर प्रयोग झाला होता, २०१७ मध्ये छापून आला. काहींना नेहमीचं ट्रेनिंग दिलं, हिशेब, मार्केटिंग वगैरे, आणि काहींना स्वतःहून पुढं कसं व्हायचं, संधी कशी हेरायची, अडलं तर काय करायचं याचं. दुसऱ्या गटाचा नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला, पहिल्याचा फरक एवढा थोडा की त्यावरून खात्रीनं काही म्हणता येईना. मला डिचोलीची मसालेवालीच आठवली. आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधला एक प्रयोग तर मला भयंकर आवडला. तिथे काही जणांना रीतसर अकाउंटिंग शिकवलं आणि काहींना फक्त सोपे ठोकताळे, उदाहरणार्थ घरचे पैसे आणि धंद्याचे पैसे दोन वेगळ्या ड्रॉवरमध्ये ठेवा, आणि एकातून दुसऱ्यात घ्यायचे असतील तर चिठ्ठी लिहून ठेवा. रीतसर शिकलेल्यांच्यात काही खास फरक पडला नाही, ठोकताळेवाल्यांचे हिशेब सुधारले. बी.कॉम.च्या तीन वर्षांचं काय करायचं आता, सांगा!

पण मी माईला तेच सांगितलं. दोन डबे. एक बिस्किटाचा, एक चहापत्तीचा. ती म्हणाली डबे ठेवीन पण चिठ्ठी कशाला, घरच्या घरात. म्हटलं ठेव तर. चवथीच्या (गणपतीच्या) नंतर भेटली तेव्हा चहापत्तीच्या डब्यात चिठ्ठ्याच चिठ्ठ्या होत्या, मुलाच्या फीची, गॅसची, आणि तीन तर नवऱ्याच्या स्कूटरच्या. तिला माहीत होतंच की पैसे कुठे जातात, फक्त ते आता लिहिलेलं होतं, त्यामुळे घरात बोलता आलं. बायकांच्या नावानं आलेलं भांडवल पुष्कळदा नवऱ्याच्या धंद्यात जातं असं श्रीलंका, घाना, भारतातल्या अभ्यासांमध्येही दिसलंय, मग ट्रेनिंगवाले म्हणतात की बायकांचा धंदा वाढतच नाही. कसा वाढेल, स्कूटरमध्ये गेला ना तो.

घरावरून आठवलं. गोव्याच्या बायकांना बाकी देशात जवळजवळ कुठेच नाही अशी एक गोष्ट मिळालेली आहे, १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून आलेला आमचा कायदा. वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोच्या मालमत्तेत दोघांचा अर्धा अर्धा वाटा, मुलींना मुलांइतकाच वारसा, आणि घर-जमीन विकायची तर बायकोची सही लागतेच. ऐकायला किती छान. पण बँकेत तारण म्हणून दाखवायला गेलं की कळतं, घर अजून आजेसासऱ्यांच्या नावावर, इन्व्हेंटरी (वारसांमधली कोर्टातली वाटणी) झालेली नाही, सह्या करणारे निम्मे मुंबईत आणि निम्मे पोर्तुगालला. कागदावर अर्धी मालकीण आणि काउंटरवर काहीच नाही. मग इथे माहिती कामाला येते. १० लाखांपर्यंतच्या सूक्ष्म उद्योगाच्या कर्जाला तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेनं २०१० पासूनच बँकांना सांगून ठेवलंय. मुद्रा योजनेत तर ५० हजारांपर्यंतचं शिशु कर्ज आहेच, तेही बिनतारण. हे माहीत असलेली बाई आणि माहीत नसलेली बाई एकाच खुर्चीवर बसली तरी साहेब दोघींशी वेगळं बोलतो. माझ्या ओळखीतल्या एकीला एका बँकेत सरळ म्हणाले, मिस्टरना घेऊन या. ती म्हणाली ते जहाजावर आहेत, परिपत्रक आणू का? प्रिंट मी काढून दिली होती. लोन झालं. दोन महिने लागले, पण झालं.

आणि ती एकटी गेली नव्हती. गटातली अजून एक जण बरोबर होती, काही न बोलता नुसती शेजारी बसायला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि नुसतं वाटतं असं नाही. अहमदाबादच्या सेवा बँकेत, म्हंजे बायकांच्या सहकारी बँकेत, सीमा जयचंद्रन, रोहिणी पांडे वगैरे अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग केला होता. गिऱ्हाईक बायकांना दोन दिवसांचं धंद्याचं ट्रेनिंग, त्यातल्या काहींना सांगितलं एकट्या या, काहींना म्हटलं एक मैत्रीण घेऊन या. शिकवलं दोघींना तेच. चार महिन्यांनी बघितलं तर मैत्रीण आणलेल्यांनी जास्त प्रमाणात कर्ज घेतलं होतं, तेही मुख्यतः धंद्यासाठी, घरचं उत्पन्न वाढलं होतं, आणि काय काम करता याला "गृहिणी" असं उत्तर देणाऱ्या कमी झाल्या होत्या. ज्या समाजांत बाईच्या बाहेर जाण्यावर जास्त बंधनं, तिथे मैत्रिणीचा फायदा जास्त. आमच्या बचतगटातल्या बायका ह्या अभ्यासाबद्दल ऐकून म्हणाल्या, एवढं अमेरिकेहून येऊन बघायला लागलं?

पण सरकारी फॉर्मवर मैत्रिणीसाठी रकाना नसतो. नाव, नवऱ्याचं नाव, जात, शिक्षण. आणि ट्रेनिंगला "एका घरातून एकच" असा नियम काही ठिकाणी लावतात, त्यामुळे सासू-सून किंवा जावा-जावा एकत्र येऊ शकत नाहीत, जिथे धंदा खरं तर त्या दोघींचा मिळून असतो. वेळ बघाल तर दुपारी तीन ते पाच, म्हंजे पोरं शाळेतून येऊन ट्यूशनला सोडायची नेमकी वेळ. एक ट्रेनिंग चवथीच्या आदल्या आठवड्यात ठेवलेलं, जेव्हा घरोघर नेवऱ्या-लाडवांच्या ऑर्डरी असतात आणि बाईला वर्षातली सगळ्यात चांगली कमाई त्या दहा दिवसांत व्हायची असते. कोण येणार? मग रिपोर्टमध्ये लिहितात, महिलांचा प्रतिसाद अल्प.

माईनं भाव वाढवला, हे सांगायचं राहिलं. जुन्या दुकानदारानं अपेक्षेप्रमाणे तोंड वाकडं केलं, निम्मा माल घेतला. उरलेला तिनं आणि तिच्या जावेनं मिळून लोकोत्सवात खपवला, पणजीला, कला अकादमीच्या इथे. त्यातही पहिल्या दिवशी एका बाईनं "मार्केटात स्वस्त मिळतात" म्हटल्यावर माई कमी करायला निघाली होती, जावेनं टेबलाखालून पाय दाबला. मला फोनवर हे सांगताना दोघी एवढ्या हसत होत्या की धड ऐकू येईना. यंदा त्यांना एफएसएसएआयच्या नंबरात जावेचंही नाव घालता येतं का ते विचारायचंय, मी बघते म्हटलंय.

भिरंडाचं ते ट्रेनिंग जुलैत होतं. झाडावर एक फळ नाही, बाहेर धो धो पाऊस, आणि शिकवणारी बाई साली सुकवण्याचं प्रात्यक्षिक बाजारातून आणलेल्या तयार सोलांवर दाखवत होती. पुढच्या खेपेला एप्रिलच्या शेवटी ठेवा, सकाळी अकराच्या आधी ठेवा आणि दोघी-दोघींना बोलवा, असं आम्ही पंचायतीत लिहून दिलंय. सेक्रेटरी म्हणाले, वर पाठवतो.